२१ किलो, ३७ किलो आणि आजीच्या कडेवरची नात

घर खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या पलीकडच्या पावसाळी पट्ट्यातलं. भात, थोडे काजू, माळावर रताळी, गोठ्यात दोन म्हशी. थोरला मुलगा गोव्यात कामाला, सुट्टी मिळाली की चोर्ला घाटातून घरी. धाकटा बेळगावात, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये. बिऱ्हाड वडगावात, भाड्याच्या दोन खोल्यांत. दोघांनाही नऊ वर्षांचा एकेक मुलगा, वयात दोन महिन्यांचं अंतर. चैत्रात गावची यात्रा झाली. शाळांना सुट्टी, पैपाहुणे जमलेले, आणि दोन्ही पोरं शेजारी शेजारी उभी. मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय.

यात्रा उलगडल्यावर धाकटा भाऊ दोन्ही मुलांना घेऊन दवाखान्यात आला, सोबत आजी. तक्रार एकाच मुलाची होती. "शहरातलं बघा कसं भरलंय, आणि आमचं हे नुसती काडी. खातंय, पण अंगाला लागत न्हाई. भूक लागायचं काहीतरी औषध द्या की ओ डॉक्टर." टीव्हीवरच्या जाहिरातीतला पावडरीचा डबा आधीच आणून झाला होता. दुसरा आणायचा की नाही, एवढंच विचारायचं होतं. शहरातला मुलगा नुसता सोबत आलेला. आणि आजीच्या कडेवर बावीस महिन्यांची नात, गावातल्या मुलाची धाकटी बहीण. तिची आई काजू गोळा करायला गेलेली, घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून आणलेली.

म्हणजे दवाखान्यात मुलं तीन आली आणि केसपेपर एकाचाच काढायचा होता. मी तिघांचेही काढले.

मोजमाप

गावातला मुलगा: वजन २१ किलो, उंची १२१ सेंटिमीटर. शहरातला: ३७ किलो, १३३ सेंटिमीटर. फरक १६ किलोंचा. काट्यावरचा आकडा ऐकून आजीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिचं म्हणणं कोर्टात सिद्ध झालं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ वर्षांच्या मुलाचं मधलं वजन २८ किलोंच्या आसपास आणि मधली उंची १३२-१३३ सेंटिमीटर आहे. शहरातला मुलगा उंचीने बरोबर मधोमध. गावातल्या मुलाची उंची मात्र सगळ्यात खालच्या मान्य रेषेला टेकलेली. लोकांच्या नजरेत भरलं होतं वजन. बारा सेंटिमीटरची तफावत कोणी बोलून दाखवली नव्हती. उंचीला आपल्याकडे सरळ 'आईवर गेलाय' म्हणून सोडून देतात.

आता या १६ किलोंचा हिशेब मांडू. मुलगा उंचीच्या मानाने जाड की बारीक, हे बीएमआयवरून कळतं: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. गावातल्या मुलाचा बीएमआय येतो १४.३. नऊ वर्षांच्या मुलात मधला आकडा १६ आणि रोडपणाची रेषा १३.५. म्हणजे पोरगं बारीक आहे, पण रोगट बारीक नाही. शहरातल्या मुलाचा येतो २०.९. या वयात २०.५ च्या वर गेलं की स्थूलपणा धरतात, नुसतं जास्त वजन नव्हे.

शहरातला मुलगा त्याच्या उंचीला साजेशा मधल्या बीएमआयचा असता, तर त्याचं वजन साधारण २८ किलो असतं. म्हणजे १६ पैकी जवळजवळ ९ किलो ही त्याच्या अंगावरची जादा चरबी. गावातल्या मुलाची अंगकाठी आहे तशी ठेवून उंची तेवढी १३३ केली, तर तो साडेपंचवीस किलो भरेल. म्हणजे साडेचार किलोंचा फरक नुसत्या उंचीचा. उरले सुमारे ३ किलो. ज्या 'काडी'पणासाठी डबा आणला होता, तो सोळांतला एवढा तीन किलोंचा मामला.

आजीला हे आकडे सांगण्यात अर्थ नव्हता. तिला उलट विचारलं, "आजी, किती किलो झाला म्हणजे तुमचं समाधान?" धाकट्या मुलाने मध्येच सांगितलं, अठ्ठावीस, नेटवर तसं आहे. १२१ सेंटिमीटर उंचीवर २८ किलो म्हणजे बीएमआय १९.१. जास्त वजनाची रेषा १७.९ वर आहे. घरच्यांच्या मनासारखं झालं असतं, तर एक बुटका मुलगा बुटका आणि लठ्ठ झाला असता, आणि यात्रेतल्या पाहुण्यांनी 'आता कसा दिसतोय' म्हणून पाठ थोपटली असती.

हा एका घराचा योगायोग नव्हे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या मुलांचे आकडे शहर आणि खेडं असे वेगळे दिले आहेत. वयाच्या मानाने कमी वजन: शहरात २७.३ टक्के, खेड्यात ३३.८. इथवर पाहिलं तर आजीचंच म्हणणं खरं. पण कमी वजन हा आकडा दोन गोष्टींची मिसळ असतो, बुटकेपणा आणि रोडपणा. वेगळे काढले की वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं शहरात ३०.१ टक्के, खेड्यात ३७.३. उंचीच्या मानाने रोड असलेली शहरात १८.५ आणि खेड्यात १९.५. सात टक्क्यांचं अंतर उंचीत, जेमतेम एका टक्क्याचं रोडपणात. कर्नाटकाचे एकूण आकडे देशासारखेच आहेत: उंची कमी ३५.४ टक्के, रोड १९.५, वजन कमी ३२.९.

खेड्यातलं मूल शहरातल्यापेक्षा हलकं असतं ते मुख्यतः ठेंगणं असतं म्हणून. आणि हे ठेंगणेपण शाळेत जाण्याच्या वयात येत नाही. पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळात ते घडतं. नंतर थोडंफार भरून निघतं, सगळं नाही. नवव्या वर्षी भुकेचं औषध मागणं म्हणजे गाडी निघून गेल्यावर तिकिटाच्या रांगेत उभं राहणं.

'आईवर गेलाय' यातही तथ्य नाही असं नाही. दोघे भाऊ उंचीला जवळजवळ सारखे, १६२ आणि १६३. गावातली जाऊ १४७, शहरातली १५३. पण गावातली जाऊ १४७ का राहिली, हेही विचारायला हवं. तीही अशाच गावात, अशाच पावसात वाढली. बुटक्या आईच्या पोटात बाळाला जागा आणि पोषण दोन्ही बेताचं मिळतं, आणि हिशेब पुढच्या पिढीच्या नावावर चढतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने आपल्याच भागात यावर काम केलं आहे. काँगो, ग्वाटेमाला, पाकिस्तान आणि उत्तर कर्नाटक अशा चार ठिकाणी 'विमेन फर्स्ट' नावाची चाचणी झाली. बायकांना दिवस जाण्याआधीपासून किंवा पहिल्या तिमाहीअखेरीपासून स्निग्धांश आणि जीवनसत्त्वं असलेला छोटा पूरक आहार दिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की अशा मातांची बाळं जन्मतः थोडी लांब निघाली आणि फार लहान बाळांचं प्रमाण घटलं. फरक मोठा नव्हता, पण तो कुठे शोधायचा ते त्यातून कळतं.

शहरातला मुलगा

याला तपासताना मानेमागे काळा, जाडसर पट्टा दिसला. आई नंतर भेटली तेव्हा म्हणाली, "मळ हाय म्हणून रोज घासतोय की ओ मी. दगडानं पण घासून बघितलं." तो मळ नव्हता. रक्तात इन्शुलिन जास्त राहू लागलं की मान आणि काखेतली कातडी अशी काळवंडते, मखमलीसारखी जाड होते. घासून ती जात नाही, मुलाला फक्त ओरखडे बसतात. कंबर ७२ सेंटिमीटर. उंचीच्या निम्म्याहून जास्त. ती निम्म्याच्या आत असावी, हा घरी सुतळीने करता येण्यासारखा हिशेब आहे: मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्यायची, दुहेरी करायची आणि कमरेभोवती टोकं जुळतात का बघायचं.

हे घर श्रीमंत नाही, हे मुद्दाम सांगतो. 'शहरातली मुलं जाड असतात कारण तिथे पैसा आहे' हे वडगावच्या गल्लीत लागू पडत नाही. वडील सकाळी आठला बाहेर, आई घरी ब्लाउज शिवते. सकाळी चहात बुडवून बटर किंवा खारी. मुलगा खासगी इंग्रजी शाळेत, डब्यात नूडल्स किंवा जॅम-पोळी, कारण वर्गातली बाकीची मुलं तेच आणतात. चारला घरी आला की पाच-दहा रुपयांचं पाकीट, मग ट्यूशन, मग मोबाइल. घरासमोर गल्ली, गल्लीत दुचाक्या, खेळायला जागा नाही. रविवारी भजी नाहीतर कुंदा. पोटभर भात दोन वेळ आहेच. डाळ पातळ, अंडं आठवड्यातून एकदा, भाजी तो बाजूला काढतो.

उलट गावातला मुलगा सरकारी मराठी शाळेत जातो. तिथे दुपारी गरम जेवण आहे, २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचं दूध आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहाही दिवस अंडं किंवा केळं आहे. शाळा चालत, नदी चालत, रताळ्याचं शेत चालत. ताटाचाच विचार केला तर शाळेच्या दिवसांत दोघांत बरं जेवतो तो गावातला. हे ऐकून धाकटा भाऊ जरा वरमला, कारण शाळेची फी तो भरतो.

दोघांत सारखं निघालं ते हिमोग्लोबिन. गावातल्याचं १०.६, शहरातल्याचं १०.९. या वयात ते साडेअकराच्या वर हवं. भरलेलं पोर रक्ताने कमी असू शकतं, ही गोष्ट घरच्यांना सगळ्यात जड गेली. गावातला मुलगा शाळेत मिळणारी गुलाबी लोहाची गोळी शौच काळं होतं म्हणून टाकून देत होता. शहरातल्याला कधी कोणी दिलीच नव्हती.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने जो अभ्यास केला, त्यात तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची निघाली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोंची. पण ही हलकी बाळं चरबीने तेवढी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. वरून बारीक, आतून चरबीची, अशी आपल्या मुलांची घडण आहे. म्हणूनच इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांसाठी काढलेल्या तक्त्यांत जास्त वजनाची रेषा मोठ्यांच्या २५ ऐवजी २३ या बीएमआयशी जोडली आहे. गावातला हाच मुलगा उद्या हायस्कूलसाठी काकाकडे वडगावात आला, खारी-नूडल्सला लागला आणि चालणं सुटलं, तर त्याच्या अंगावर चढणारे किलो त्याच्या भावापेक्षा जास्त त्रासाचे ठरतील. घरात तसा बेत चालूच होता.

जिची तक्रार नव्हती ती

मुलीला पाळण्यातल्या काट्यावर घातलं: ८.३ किलो. आडवी झोपवून लांबी: ७७ सेंटिमीटर. बावीस महिन्यांच्या मुलीला वजनाची खालची रेषा ८.७ आणि लांबीची साधारण ७८ आहे. दोन्ही ठिकाणी ती रेषेच्या खाली. पण लांबीच्या मानाने वजन ठीक, आणि दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर १३ सेंटिमीटर, हिरव्या पट्ट्यात. साडेबारापर्यंत पिवळं, साडेअकराच्या खाली लाल. पट्टी तीव्र कुपोषण हुडकायला बनवलेली आहे आणि ते काम ती चोख करते. सगळीकडून सारखंच लहान राहिलेलं मूल मात्र तिच्या हिरव्यात बसतं. त्यामुळे अंगणवाडीत या मुलीपुढे कधी खूण झाली नव्हती.

आजीच्या पिशवीत मुलीच्या वाढीचं कार्ड होतं. ते कानडीत आहे, सुनेला वाचता येत नाही, आजीला तर कुठलंच. पण ठिपके जोडून काढलेल्या रेघेला भाषा लागत नाही. जन्म जूनमधला, २.३ किलो. पाचव्या महिन्याला ६ किलो. म्हणजे आईच्या निव्वळ दुधावर ही मुलगी खालच्या रेषेखालून उठून चांगली वर आली होती. वर्षाला ७.४. पंधराव्या महिन्याला ७.५. आणि आता ८.३. लांबीचा रकाना सगळा कोरा.

बोट ठेवून आजीला महिने मोजायला लावले. पाचवा महिना म्हणजे सुगी. आई भातकापणीला जाऊ लागली. तेव्हापासून रेघ कलायला लागते. बारा ते पंधरा म्हणजे जून ते सप्टेंबर, रोपलावण आणि धो धो पाऊस. तेव्हा रेघ आडवीच. त्यात दोनदा जुलाब झाले होते, ते आजीला आठवलं. "सकाळी धा वाजता सून जाती ती दिवेलागणीला येती. मग माझ्याकडंच असती." दिवसभर काय देता? भाताची पेज, चहात बिस्कीट, झोपली नाही तर पुन्हा पेज.

आठ किलोंच्या मुलीच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं. ते पेजेने भरलं की पोट टम्म आणि ताकद नावाला. अंगणवाडीतून मिळणारं पीठ घरी येत होतं, पण त्याच्या वड्या थोरल्या नातवासाठी होत, कारण बारीक तो दिसत होता. उरलेलं म्हशीच्या आंबोणात. दूध डेअरीला, घरात चहापुरतं.

थोरल्याची गाडी चुकली, हिची अजून फलाटावर होती. दुसरा वाढदिवस दोन महिन्यांवर.

काय ठरलं

सल्ला सुनेला द्यायचा असतो, असं आपण धरून चालतो. या घरात दुधाचा हिशेब आजीकडे, चूल दिवसा आजीकडे, आणि अकरा वाजता मुलीच्या तोंडात काय जातं तेही आजीच ठरवते. त्यामुळे बोलणं आजीशीच केलं. डेअरीला घालायच्या दुधातलं पाव लिटर मागे. रोज एक अंडं. पेज बंद, भात-डाळ घट्ट, चमचा उलटा केला तर ओघळू नये इतकी, वर चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याचा कूट. अंगणवाडीचं पीठ फक्त तिलाच, नाचणीबरोबर शिजवून. दिवसातून चार वेळा खाणं, मध्ये एखादं केळं, आणि तिची ताटली वेगळी. ही वेगळी ताटली फार कामाची असते. आजीच्या ताटातून खाणारं मूल किती खाल्लं हे कोणालाच कळत नाही. आईचं दूध रात्री चालू राहू दे, तोडायची घाई नको.

आजीचा एक मुद्दा बिनतोड होता: पाव लिटर दूध रोज म्हणजे महिन्याचे किती? डब्याची किंमत विचारली. डबा बंद झाला की दुधाचा बराचसा भाग तिथूनच निघत होता. तिने बोटांवर मोजलं आणि गप्प बसली.

गावातल्या मुलाला जंताची गोळी, लोहाची गोळी जेवणानंतर, आणि दाराच्या चौकटीवर तीन-तीन महिन्यांनी उंचीची खूण. वजन करायचं नाही. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ होत असेल तर गाडी चालू आहे.

शहरातल्या मुलाचं वजन उतरवायचं नाही, धरून ठेवायचं. वर्षभर ३७ वरच राहिला आणि उंची साडेपाच सेंटिमीटर वाढली, तर बीएमआय आपोआप १९.३ वर येतो. पाकीट बंद, बटर-खारी बंद, डब्यात भाकरी नाहीतर पोळीबरोबर उसळ, आणि रोज तासभर घाम निघेल असा खेळ. मान घासणं बंद.

दिवाळीला

मुलगी अठ्ठावीस महिन्यांची: ९.७ किलो. वजनाची खालची रेषा गाठली. उंची साडेएक्याऐंशी, अजून रेषेच्या जरा खाली. वजन आधी धावतं, उंची मागून येते, आणि कधी कधी पुरती येत नाही. लावणीच्या दिवसांत रेघ या वेळी आडवी झाली नाही. जुलाब एकदा झाले, झिंक आणि ओआरएस वेळेवर मिळालं.

गावातला मुलगा १२४ सेंटिमीटर, २२ किलो. अजून काडीच. आजीचं त्याच्यावरचं लक्ष काही सुटलेलं नाही. मधल्या काळात एक डबा पुन्हा आला होता, या वेळी गोव्याहून. हिमोग्लोबिन ११.७.

शहरातल्या मुलाचं जमलं नाही. उंची जवळपास पावणेतीन सेंटिमीटर वाढली, वजनही दीड किलोने. बीएमआय होता तिथेच. गणपतीपासून दिवाळीपर्यंत घरात गोड संपतच नाही, हे आईनेच सांगितलं. खेळायला पाठवायचं ठरलं होतं, ते ट्यूशनच्या वेळेत अडकलं. रक्तातली साखर तूर्त ठीक आहे. आता वडिलांनी पहाटे कामावर जाण्याआधी त्याला गल्लीतून तलावापर्यंत सोबत चालवायचं, असं ठरलं आहे. ट्यूशनवाल्या बाईंशी मी बोलतो म्हणालो.

थोरल्या नातवाला हायस्कूलला वडगावात आणण्याचा बेत कायम आहे. पण आता त्यात आजीने अट घातली आहे की डबा भाकरीचाच. मुलीची पुढची तपासणी सुगी संपल्यावर ठेवू, असं धाकटा भाऊ म्हणत होता, तेव्हा सगळ्यांना सवड असते म्हणून. मी सुगी चालू असतानाच बोलावलं आहे, आणि एक दिवस कापणी थांबवून आईलाच घेऊन या म्हणून सांगितलं आहे.